दुमडीची रेघ

१

भिंगरीचा निळा फ्रॉक मी किती वर्षं पुरवला, विचारू नका. शिवतानाच खाली चांगली वीतभर दुमड सोडली होती. दर वर्षी शाळा उघडायच्या आधी थोडी दुमड उसवायची, फ्रॉक खाली सोडायचा, इस्त्री मारायची, की झाला नवा. फक्त एक गोष्ट कधी जात नाही. जुन्या दुमडीची रेघ. पाणी मारा, वाफ द्या, काय वाटेल ते करा, ती फिकट रेघ राहते आणि तिच्या कडेनं टाक्यांची बारीक भोकं राहतात. गिऱ्हाइकांना मी हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कोणी भांडायला येत नाही.

भिंगरी म्हणजे माझ्या ताईची मुलगी. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून भिंगरी. घरात आम्ही चौघी: आई, ताई, भिंगरी आणि मी. पुढच्या खोलीत माझं दुकान, कपडे लहान करणं, मोठे करणं, चेन बदलणं. मागच्या खोल्यांत आम्ही राहतो.

त्या सोमवारी सकाळी मी फ्रॉक टेबलावर पसरला आणि चष्मा काढून पुसला. पुन्हा घातला. फ्रॉक खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला.

रेघा नव्हत्या. एकही नाही. भोकंही नाहीत. कॉलर उन्हानं विटलेली होती, खिशाचं बटण मीच लावलेलं लाल होतं, म्हणजे फ्रॉक तोच. पण खाली कापड सगळं सलग. त्यातली पोर कधी वाढलीच नव्हती म्हणा ना.

"ताई, अगं इकडे ये जरा," मी हाक मारली. "हे बघ काय झालंय."

ताई दारात आली, फ्रॉककडे बघितलं. "छान आहे. कुठल्या गिऱ्हाइकाचा गं?"

"पुरे झाली थट्टा," मी म्हटलं.

ती हसली आणि आत गेली. भिंगरी तिच्या मागेच उभी होती. तिची आई तिला न बघता अंगावरून निघून गेली, तशी ती नुसती माझ्याकडे बघत राहिली.

२

आदल्या दिवशी, रविवारी, घरात जे झालं ते सांगायला हवं.

ताईचं लग्न झालेलं नाही. भिंगरी ज्याची, त्याचा संसार आधीच थाटलेला होता. लोकांनी तोंडसुख घ्यायचं ते घेतलं. ताई बिचारी चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसायची आणि प्रसाद घ्यायला कधी उठायची नाही. फादरांनी तिला क्षमा दिली होती, पण तिच्या मनाला ती कधी पोहोचलीच नाही. मग कोणीतरी तिला बाजारामागच्या सभागृहात नेलं. तिथे ना मूर्ती, ना मेणबत्त्या. साधे गादीचे बाक, एक पास्टर आणि भरपूर गाणी. त्या रविवारी ती भिंगरीला घेऊन गेली आणि आली ती उजळलेला चेहरा घेऊन. मला इतका आनंद झाला, काय सांगू. किती वर्षांनी माझी ताई मान वर करून चालत होती.

आई मात्र फुरंगटली. "पापांची कबुली कोणाकडे दिलीस?"

"थेट देवाकडे."

"आणि प्रायश्चित्त?"

"कसलं प्रायश्चित्त, आई? त्यानं वधस्तंभावर सगळं पुरं केलं. त्यात भर घालणारी मी कोण, आणि तू तरी कोण?"

"माफी मिळते, नाही कोण म्हणतंय? पण जे मोडलं ते आपल्या हातानं सांधायचं असतं बाई. इथे नाही जमलं तर मेल्यावर, शुद्धिस्थानात."

"तुझं आपलं ते शुद्धिस्थान! देव एकदा पुसतो ना, मग त्याचं त्यालाही आठवत नाही."

या बाबतीत आईशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. ती दर आठवड्याला कबुलीला जायची आणि रोज दुपारी पलंगाशी गुडघे टेकून, हातात माळ धरून रोझरी म्हणायची. गुडघ्यांची पार वाट लागलेली. मी चिडवायची, "आई, केलंस तरी काय एवढं? बँक लुटलीस?" मग ती म्हणायची, "एकच आहे गं," आणि माझ्या कपाळावरचे केस कानामागे सारायची. आमच्या घरात सगळ्यांचे केस सरळ, माझेच तेवढे कुरळे. आत्या म्हणायची, हिला दवाखान्यात बदललं. बाबा जहाजावर असायचे. सुट्टीत आले की या थट्टेला सगळे हसत, ते हसत नसत.

त्या रविवारी मी ताईची बाजू घेतली. म्हटलं, "आई, तूही सोड आता. देवानं केव्हाच माफ केलं असेल."

"केलं असेल," आई म्हणाली. "पण त्यानं विसरू नये असं मला वाटतं."

मला वाटलं, म्हातारपण, दुसरं काय.

३

मंगळवारी ताईनं चहा ओतला तो तीन कपांत. भिंगरीचं दूध गॅसवर नव्हतंच. मीच उठून तापवलं.

दुपारी पोरगी शाळेतून आली ती सरळ माझ्या मशीनखाली येऊन बसली. एरवी दप्तर एकीकडे, बूट दुसरीकडे, तोंडाचा पट्टा चालू. त्या दिवशी गप्प.

"काय झालं गं? कोणी मारलं?"

"बाईंनी माझी हजेरी घेतली नाही."

"विसरल्या असतील."

"मी सांगितलं त्यांना. त्या म्हणाल्या, कोण बोललं? सगळी मुलं मागे बघायला लागली, मावशी. मी पुढेच बसले होते."

मी म्हटलं, "उद्या मी येते आणि चांगली झाडते तुझ्या बाईंना." म्हटलं आणि हसलेही. माणूस हसतो अशा वेळी, दुसरं काय करणार?

"आई मला हाक मारत नाही," भिंगरी म्हणाली.

मी उठले आणि तशीच ताईकडे गेले. ती कपडे वाळत घालत होती. तिला दंडाला धरून गदगदा हलवलं. "देवानं माफ केलं म्हणून पोटच्या पोरीला टाकून देतेस? लाज नाही वाटत?"

ताईनं माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "कोणाची पोर?" तिनं विचारलं. आणि मग काळजीनं, अगदी खऱ्या काळजीनं, माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

दोरीवर तिचे, आईचे, माझे कपडे होते. छोटा कपडा एकही नव्हता.

४

भिंगरीला मी दुकानातच ठेवून घेतलं. शाळेत पाठवलं नाही. बुधवारी दुपारी ती म्हणाली, "मावशी, मला तुझ्या बाहीला शिवून टाक."

"वेडी आहेस का?"

"म्हणजे मी जाणार नाही."

मी दुहेरी दोरा ओवला. तिच्या निळ्या फ्रॉकची बाही आणि माझ्या ब्लाउजची बाही एकमेकींना पक्क्या टाक्यांनी शिवली, वर गाठ मारली. ती खुदकन हसली. दोघी एका हातानं काम करतोय, एक जण उठली की दुसरीला उठावं लागतंय, असा आमचा खेळ बराच वेळ चालला. तिच्या दंडाची ऊब मला बाहीतून लागत होती. हे मी मुद्दाम सांगते आहे. ऊब लागत होती.

एका गिऱ्हाइकानं काचेवर टकटक केली. पँट न्यायला आला होता. मी वळून कपाटातून पँट काढली, त्याला दिली, पैसे घेतले. तो म्हणाला, "बाई, तुमच्या बाहीला दोरा लोंबतोय."

मी बघितलं. माझे टाके तसेच होते, घट्ट, गाठ मारलेले. त्यांनी काहीच धरलेलं नव्हतं. टेबलावर निळं कापड पडलं होतं. फ्रॉक नव्हे, कापड. न बेतलेलं, न कापलेलं, दुकानातून आणल्यासारखं सरळ घडी घातलेलं.

मी ओरडले. असं ओरडले की गिऱ्हाईक घाबरून पायरीवरून घसरलं.

५

माझ्या दुकानात काज-बटणाचं काम करणारी एक म्हातारी येते. ती पूर्वेकडच्या कुठल्या जुन्या चर्चची. हाताशी दुसरं कोणी नव्हतं म्हणून मी तिलाच धरलं. "काजवाली, भिंगरी आठवते ना? तुमच्या डब्यातली बटणं पळवायची ती?"

तिनं बटणांच्या डब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "कोण, बाळ?"

मी रडत रडत सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, हे तिचे उपकार. मग म्हणाली, "आमच्यात पापाला आम्ही दुखणं म्हणतो. देव वैद्य. दुखणं बरं होतं, व्रण राहतो. व्रणासकट माणूस बरा. पण व्रणसुद्धा नको म्हणून कोणी कातडंच मागितलं, तर..." ती उठली. डबा उचलून निघून गेली.

मी तशीच चर्चमध्ये पळाले. फादर बाजूच्या नळावर वेदीच्या फुलदाण्यांचं पाणी बदलत होते.

"फादर, पाप पूर्ण पुसलं गेलं तर त्यातून जन्मलेल्या लेकराचं काय होतं?"

"काय व्हायचंय? लेकरू म्हणजे पाप नव्हे. माफी पापाला असते."

"आणि कोणी मागितलंच तसं? की झालेलं न झालेलं कर?"

"तसं देव करत नाही," ते लगेच म्हणाले. "घडलेलं घडलेलंच राहतं. म्हणून तर प्रायश्चित्त असतं."

"तुम्ही माझ्या ताईच्या मुलीच्या डोक्यावर बाप्तिस्म्याचं पाणी घातलंत. तिनं तुमचा चष्मा ओढला होता."

फादर माझ्याकडे बघतच राहिले. "तुझ्या ताईला मूल कुठे आहे?"

"देव करत नाही म्हणता ना," मी म्हटलं, "मग हे ऐकलं कोणी?"

नळाखालची फुलदाणी भरून वाहायला लागली, पाणी त्यांच्या बुटांवर पडत होतं, तरी त्यांनी नळ बंद केला नाही.

६

माझं डोकं फिरलंय, असं मीही धरून बघितलं. का नाही? फादर विसरले, शाळा विसरली, जन्म देणारी विसरली, आजीसुद्धा विसरली. साऱ्या जगाला आठवत नाही आणि मला एकटीला आठवतं, तर वेडं कोण? पण बाहीवरचे टाके होते. ते मी उसवले नव्हते. आणि एकच गोष्ट डोक्यात घोळत होती: मलाच का आठवतं? माझ्यात असं वेगळं काय आहे?

रविवारी सकाळी म्हटलं, त्या पास्टरला गाठायचं. पोर जिथे गेली, तिथूनच परत आणायची. मागणं मागे घेता येत असेल, तर ताईला पायावर घालून मागे घ्यायला लावायचं.

"मी येते," आई म्हणाली. "तुला एकटीला नाही सोडायची या अवस्थेत." तिनं काळा कोट चढवला. तो कोट कोणा उंच बाईचा होता. मी त्याला भलीमोठी दुमड घालून आईच्या पोटऱ्यांवर आणून ठेवला होता. वाटेत ती माझा हात धरून चालली होती. गुडघे दुखत होते तरी तोंडानं हूं की चूं नाही.

सभागृहात अजून कोणी आलं नव्हतं. ताई लवकर येऊन बाक पुसत होती. आई तिच्याजवळ पहिल्या बाकावर टेकली. मी पास्टरांना बाजूच्या खोलीत गाठलं. मध्ये नुसता पडदा होता.

माणूस सज्जन होता, हे आधी सांगते. मी बोलत गेले आणि त्याचा चेहरा उतरत गेला.

"लोक म्हणतात, मला धुऊन टाक," पास्टर हळू आवाजात म्हणाले. "तुमची ताई म्हणाली, हे झालंच नव्हतं असं कर."

"आणि तुम्ही आमेन म्हणालात!"

"नाही. मी तिला थांबवणार होतो. देव डाग काढतो, डागाबरोबर माणसालाच काढून टाकत नाही, हेच मी शिकवत आलो. पण माझ्या आधी कोणीतरी आमेन म्हणालं."

"कोण?"

"मागच्या बाकावरून आवाज आला. बाक रिकामा होता." त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. "आणि अजून एक. ती पुढे आली तेव्हा तिचा हात असा होता." त्यांनी आपला हात खाली सोडला आणि पंजा अर्धवट मिटला. आत लहान मुठीएवढी जागा राहिली. "आठवडाभर मला झोप नाही. तिनं काय धरलं होतं हो?"

माझा जीव भांड्यात पडला. म्हणजे मी वेडी नव्हते. जगात अजून एका माणसाकडे भिंगरीचं काहीतरी शिल्लक होतं, तेवढी एका मुठीची जागा का होईना. मी त्यांचा तो हात धरून ढसाढसा रडले.

तेवढ्यात पडद्यापलीकडून आईचा आवाज आला.

७

"खरंच काही उरत नाही?" आई विचारत होती.

"काही म्हणजे काही नाही," ताई म्हणाली. "किती वर्षं गुडघ्यांवर काढलीस, आई. दे ना टाकून. मी बघ कशी हलकी झाले."

"धाकटीही तेच म्हणते. सोड म्हणते."

"मग? सांग त्याला."

मग आई पुटपुटायला लागली. दर आठवड्याला चर्चमध्ये जाळीआड फादरांपाशी जे बोलायची, ते आज मोकळ्यावर बोलत होती. "प्रभू, हे जहाजावर होते. वर्ष होऊन गेलं होतं. घरात मी एकटी. तो माणूस नुसता घड्याळ दुरुस्त करायला आला होता. हसरा होता, कुरळ्या केसांचा..."

माझा हात आपोआप डोक्याकडे गेला.

"यांनी सगळं ओळखलं, पण कधी विचारलं नाही. धाकटीला कधी उचलून घेतलं नाही, एवढंच. मी तुझ्याकडे शिक्षाच मागत राहिले. माफी पुरती घेतलीच नाही, भीती वाटायची. आता थकले रे. आता मला काही नको. हे सगळं..."

"आई!" मी पडदा ओढला. "आई, थांब! पुढे बोलू नकोस! आई गं!"

ती व्यासपीठाकडे तोंड करून उभी होती, डोळे मिटलेले, हात पसरलेले. माझं ओरडणं तिला ऐकू गेलं नाही. मी जीव खाऊन पळाले. बाकांमधली ती एवढीशी वाट, पण सरता सरेना.

"...झालंच नव्हतं असं कर," आई म्हणाली.

"आमेन," असं माझ्या मागून कोणीतरी म्हणालं. आवाज मायाळू होता. मी वळून बघितलं. शेवटच्या बाकावर कोणी नव्हतं. फक्त बसायच्या गादीला खोल दाब पडला होता, आणि मी बघत असतानाच कोणी उठल्यासारखी ती गादी हळूहळू वर आली.

पास्टर पडद्याशी उभे होते. हात खाली, पंजा मोकळा सोडलेला. बावरून ते माझ्याकडे बघत होते, आपण या बाईशी आत्ता काय बोलत होतो ते आठवत असल्यासारखे.

आईनं डोळे उघडले. इतकी सुंदर मी तिला कधी पाहिली नव्हती. सगळं ओझं उतरलं होतं. गुडघे न धरता ती ताईचा हात घेऊन ताठ चालत आली. क्षणभर, खरं सांगते, मला बरंच वाटलं.

मग मला कोटाचा आवाज आला. काळा कोट जमिनीवरून घासत येत होता. त्याची कड तिच्या पावलांपुढे लोळत होती, पुऱ्या लांबीची, धुळीनं माखलेली. मी डोळे फाडून बघितलं. दुमड नव्हती. रेघही नव्हती. एकही भोक नव्हतं.

"आई," मी म्हटलं. मला वाटतं, म्हटलं.

ती माझ्यासमोर थबकली. तिचा हात सवयीनं वर आला, माझ्या कपाळावरच्या केसांपर्यंत आला आणि हवेतच थांबला. तिनं माझ्याकडे नीट बघितलं आणि ओशाळून हात मागे घेतला.

"माफ करा हं बाई," आई म्हणाली. "जरा वाट देता का?"